सबबी ओळखणारा माणूस : बेंजामिन फ्रँकलिन



जूनमध्ये शाळा सुरू झाली की आपण वर्गात चांगल्या सवयींचा तक्ता लावतो. लवकर उठणे, दात घासणे, जेवणाआधी हात धुणे, नखे कापणे. मुलं तो तक्ता घडाघडा म्हणून दाखवतात. श्रावण येईपर्यंत तक्ता भिंतीवर तसाच असतो आणि नखंही तशीच वाढलेली असतात. मोठ्यांचं तरी काय वेगळं आहे? एक जानेवारीला सकाळी फिरायला जायचं ठरतं आणि संक्रांत उलटली की बूट दाराआड जातात. सवय चांगली आहे हे माहीत असतं. तिचा फायदाही पटलेला असतो. कोणी अडवत नसतं. मग आडवं येतं कोण? बहुतेक वेळा आपणच!

या प्रश्नाशी आयुष्यभर झुंजलेल्या आणि त्याचा हिशेब प्रामाणिकपणे लिहून ठेवलेल्या एका माणसाची ओळख आज करून घेऊ. बेंजामिन फ्रँकलिन म्हटलं की आपल्याला पतंग आणि वीज आठवते. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे नेते म्हणूनही ते माहीत असतात. पण या लेखात आपण त्यांची एक छोटीशी वही उघडणार आहोत.

साबण-मेणबत्त्या करणाऱ्याचा मुलगा

बेंजामिनचा जन्म १७ जानेवारी १७०६ रोजी अमेरिकेतील बोस्टन शहरात झाला. वडील जोसाया हे साबण आणि मेणबत्त्या बनवायचे. त्यांना दोन बायकांपासून सतरा मुलं झाली. बेंजामिन हा त्यांतला पंधरावा आणि मुलग्यांमध्ये सर्वांत धाकटा. एवढ्या मोठ्या घरात शिक्षणाला पैसा कुठून येणार? शाळा जेमतेम दोन वर्षं झाली. गणितात तर तो नापास झाला होता. दहाव्या वर्षी शाळा सुटली आणि मुलगा वडिलांच्या दुकानात वाती कापू लागला.

बाराव्या वर्षी त्याला थोरला भाऊ जेम्स याच्या छापखान्यात उमेदवार म्हणून ठेवलं. तिथे पुस्तकं मिळू लागली आणि वाचनाचं वेड लागलं. सोळाव्या वर्षाच्या सुमारास शाकाहाराची बाजू मांडणारं एक पुस्तक हाती आलं. बेंजामिनने मांसाहार सोडला. भावाला तो म्हणाला, माझ्या जेवणावर जो खर्च करतोस त्याचा निम्माच मला दे, माझं मी बघतो. भावाला काय, आनंदच झाला. त्या निम्म्यातलेही निम्मे पैसे वाचवून बेंजामिन पुस्तकं घेऊ लागला. दुपारी सगळे जेवायला गेले की तो छापखान्यातच पावाचा तुकडा, मूठभर मनुका आणि पाणी एवढ्यावर भागवायचा आणि उरलेल्या वेळात वाचायचा. शाळेत ज्या गणिताने रडवलं होतं, ते त्याने याच दिवसांत स्वतःच्या बळावर पूर्ण केलं.

इथपर्यंत गोष्ट अगदी पाठ्यपुस्तकातल्यासारखी वाटते. खरी गंमत पुढे आहे.

तळलेल्या माशाचा वास

भावाशी पटेना म्हणून सतराव्या वर्षी बेंजामिनने बोस्टन सोडलं. प्रवासात ब्लॉक आयलंड नावाच्या बेटाजवळ वारा पडला आणि जहाज जागच्या जागी थांबलं. खलाशांनी गळ टाकून कॉड मासे पकडायला सुरुवात केली. आपल्या काही वाकड्यात न गेलेल्या माशाला मारणं म्हणजे खूनच, असं तोपर्यंत बेंजामिनचं मत होतं. पण मासे कढईत पडले आणि वास सुटला. पूर्वी त्याला मासे फार आवडायचे. आता तत्त्व एकीकडे ओढू लागलं आणि जीभ दुसरीकडे.

तेवढ्यात त्याला आठवलं की मासे कापले तेव्हा मोठ्या माशांच्या पोटातून छोटे मासे निघाले होते. लगेच डोकं चाललं. मासे एकमेकांना खातात, मग आपण त्यांना खाल्लं तर बिघडलं कुठे? झालं! पोटभर मासे खाल्ले. त्यानंतर शाकाहार अधूनमधूनच उरला.

आता मासे खाल्ले यात काही मोठं पाप नव्हतं. महत्त्वाचं हे की पुढे आत्मचरित्र लिहिताना फ्रँकलिन यांनी हा प्रसंग दडवला नाही आणि त्याचं समर्थनही केलं नाही. उलट त्यात काय घडलं हे त्यांनी हसत हसत नेमकं सांगितलं आहे. इच्छा आधी झाली, कारण मागून आलं. माणसाला बुद्धी आहे हे किती सोयीचं, मनात येईल त्या गोष्टीसाठी तिच्याकडे कारण तयार असतं, असा त्यांचा टोमणा आहे आणि तो त्यांनी स्वतःलाच मारलेला आहे.

आपण सवय मोडणाऱ्याला आळशी म्हणतो. पण सबब तयार करायला आळस पुरत नाही, त्याला हुशारी लागते. म्हणूनच वर्गातल्या हुशार मुलांच्या सबबी जास्त पटण्यासारख्या असतात, आणि आपल्या त्याहून जास्त!

लंडनचा छापखाना आणि गरम पेज

बेंजामिन फिलाडेल्फियाला पोहोचला, तिथे छापखान्यात काम मिळालं आणि १७२४ च्या अखेरीस तो लंडनला गेला. तिथे एका मोठ्या छापखान्यात तो कामाला होता. सोबतचे कामगार बिअर प्यायचे. यंत्रावरचा त्याचा जोडीदार रोज न्याहारीआधी एक पाइंट, न्याहारीबरोबर एक, न्याहारी आणि जेवणाच्या मध्ये एक, जेवणाबरोबर एक, संध्याकाळी सहाच्या सुमारास एक आणि काम संपल्यावर आणखी एक, असे सहा पाइंट प्यायचा. म्हणजे दिवसाला तीन लिटरहून जास्त बिअर! कारण काय, तर अंगमेहनतीच्या कामाला ताकद हवी आणि ताकदीसाठी कडक बिअर हवी.

बेंजामिन फक्त पाणी प्यायचा. तरीही खिळ्यांनी भरलेल्या दोन जड चौकटी दोन हातांत घेऊन तो जिना चढायचा-उतरायचा, तेव्हा बाकीचे दोन्ही हातांनी एकच उचलायचे. तो त्यांना समजावायचा की बिअरमधली ताकद तिच्यात जेवढे जव असतील तेवढीच. त्यापेक्षा थोड्या पैशांचा पाव पाण्याबरोबर खाल्ला तर अंगात जास्त बळ येईल. हिशेब बरोबर होता, पण नुसत्या हिशेबाने जोडीदार बदलला नाही. दर शनिवारी त्याच्या मजुरीतले चार-पाच शिलिंग बिअरपायी कापले जात राहिले.

पण बऱ्याच जणांमध्ये फरक पडला, आणि तो कसा पडला हे आपण शिक्षकांनी नीट पाहण्यासारखं आहे. बिअर, पाव आणि चीज अशा न्याहारीऐवजी शेजारच्या घरातून गरम पेज आणायला त्याने सुरुवात केली. वाडगाभर पेज, त्यात पावाचा चुरा, मिरपूड आणि थोडं लोणी. किंमत एका पाइंट बिअरएवढीच. पोट भरायचं, डोकंही जाग्यावर राहायचं. सुटलेल्या सवयीची जागा त्याने रिकामी ठेवली नाही. त्याच वेळेला, त्याच पैशांत हाताशी दुसरं काहीतरी दिलं. नुसतं सोड म्हणणाऱ्यापेक्षा हे घे म्हणणाऱ्याचं लोकांनी लवकर ऐकलं.

तेरा ओळींची वही

१७२६ मध्ये ते फिलाडेल्फियाला परतले. स्वतःचा छापखाना काढला, वर्तमानपत्र चालवायला घेतलं, १७३१ मध्ये वर्गणीवर चालणारं ग्रंथालय उभं केलं. याच काळात, पंचविशीच्या आसपास, त्यांच्या मनाने घेतलं की आपण निर्दोष व्हायचं. बरंवाईट आपल्याला कळतं, मग नेहमी बरंच का करू नये?

लवकरच कळलं की काम वाटलं होतं तेवढं सोपं नाही. एका दोषावर लक्ष ठेवावं तर दुसरा मागच्या दाराने आत येतो. निश्चय खरा असतो, पण जुनी सवय बेसावध क्षणाची वाट पाहत बसलेली असते. म्हणून त्यांनी एक पद्धत बसवली.

आधी गुणांची यादी केली. मिताहार, मितभाषण, व्यवस्थितपणा, निश्चय, काटकसर, उद्योग, प्रामाणिकपणा, न्याय, संयम, स्वच्छता, शांतपणा आणि चारित्र्य. असे बारा झाले. यादी एका क्वेकर पंथाच्या मित्राला दाखवली. तो म्हणाला की लोक तुला गर्विष्ठ समजतात, आणि त्याने उदाहरणंही दिली. मग तेरावा गुण आला, नम्रता. प्रत्येक गुणापुढे आपल्यापुरता त्याचा अर्थ एका छोट्या वाक्यात लिहिला, म्हणजे नंतर शब्दाचा अर्थ सोयीने ताणता येऊ नये. मिताहार पहिला का? डोकं ताजं असेल तरच बाकीच्या बारांवर पहारा ठेवता येईल, म्हणून.

मग छोटी वही केली. प्रत्येक गुणाला एक पान. पानावर लाल शाईने सात उभे रकाने, आठवड्याच्या सात वारांचे. आडव्या तेरा ओळी, तेरा गुणांच्या. रोज रात्री दिवस आठवायचा आणि जिथे चुकलो तिथे काळा ठिपका द्यायचा. लक्ष मात्र आठवड्याला एकाच गुणावर. बाकीचे नेहमीसारखे चालू द्यायचे, त्यांचे ठिपके फक्त नोंदवायचे. तेरा आठवड्यांत एक फेरी, वर्षात चार फेऱ्या. बागेतलं सगळं तण एका दिवसात उपटायला जाऊ नये, एक वाफा साफ करून पुढच्याला हात घालावा, हा त्यामागचा विचार.

पहिल्या आठवड्यातच त्यांना धक्का बसला. आपल्यात इतके दोष असतील असं त्यांना वाटलंच नव्हतं. नव्या फेरीसाठी जुने ठिपके खरवडून काढता काढता वहीच्या पानांना भोकं पडली. (आपल्या वर्गातल्या खोडरबराने फाटलेल्या वह्या आठवल्या ना?) मग त्यांनी हस्तिदंताची पातळ पानं घेतली. त्यांवर लाल रेघा कायमच्या, आणि पेन्सिलीचे ठिपके ओल्या स्पंजने पुसता यायचे. थोडक्यात, पाटी! जुना हिशेब पुसून नव्याने सुरुवात करायची सोय.

ठिपक्यांची कुऱ्हाड

सगळ्यांत छळलं ते व्यवस्थितपणाने. प्रत्येक वस्तू जागेवर आणि प्रत्येक काम वेळेवर हे त्यांना कधीच नीट जमलं नाही. पहाटे पाचला उठून रात्री दहाला झोपायचं वेळापत्रक केलं, पण छापखान्याच्या मालकाकडे लोक त्यांच्या वेळेनुसार यायचे. शिवाय स्मरणशक्ती उत्तम, त्यामुळे पसाऱ्यातूनही कागद सापडायचा. मग आवरायचं कशाला? ठिपके कमी होईनात आणि वहीच बंद करावी असं वाटू लागलं.

या अवस्थेवर त्यांनी एक गोष्ट सांगितली आहे. एकाने लोहाराकडून कुऱ्हाड घेतली आणि धारेसारखंच सगळं पातं चकचकीत करून मागितलं. लोहार म्हणाला, करतो, पण सहाणेचं चाक तू फिरव. चाक फिरवून फिरवून गड्याचे हात भरून आले. तो सारखा येऊन बघायचा, किती झालं? शेवटी म्हणाला, राहू दे, आहे तशीच देऊन टाक. लोहार म्हणाला, फिरव अजून, आत्ता तर नुसते ठिपके दिसताहेत. तर हा म्हणतो, मला ठिपक्यांचीच कुऱ्हाड आवडते!

आपल्याकडे कोल्ह्याला द्राक्षं आंबट लागतात, तसंच हे. फ्रँकलिन पुढे आपल्या मनातलेही युक्तिवाद सांगून टाकतात. इतका काटेकोरपणा म्हणजे लोकांत हसं करून घेणं. फार निर्दोष माणसाचा इतरांना हेवा वाटतो. चार दोष ठेवले तर मित्रांनाही बरं वाटतं. वाचताना पटतं ना? पण हे विवेकाचा मुखवटा घातलेलं काहीतरी आहे, हे त्यांनी ओळखलं होतं. कॉड माशाच्या वेळची तीच हुशारी, आता वय वाढल्यामुळे अधिक सभ्य भाषेत बोलत होती.

मग ते निर्दोष झाले का? नाही. व्यवस्थितपणात आपण सुधारलो नाही आणि नम्रता मिळवली त्यापेक्षा दिसली जास्त, अशी कबुली त्यांनी दिली आहे. पण प्रयत्न केला नसता तर जसे राहिलो असतो, त्यापेक्षा पुष्कळ बरे आणि सुखी झालो, हेही त्यांनी लिहिलं. त्यासाठी दिलेला दाखला तर थेट आपल्या वर्गातला आहे. छापील कित्ता गिरवणाऱ्या मुलाचं अक्षर कित्त्यासारखं कधीच होत नाही, पण गिरवून गिरवून ते सुवाच्य होतं.

जिथे ठिपका पडला नाही

या वहीची एक मोठी मर्यादाही सांगायला हवी. न्याय हा गुण वहीत होता. तरीही फ्रँकलिन यांच्या घरात अनेक वर्षं गुलाम होते आणि गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती त्यांच्या वर्तमानपत्रात छापल्या जात होत्या. पुढे त्यांचं मत बदललं. १७८७ मध्ये ते पेनसिल्व्हेनियातील गुलामगिरीविरोधी संस्थेचे अध्यक्ष झाले आणि १७९० मध्ये, मृत्यूच्या काही आठवडे आधी, गुलामगिरीविरुद्धचा अर्ज त्यांच्या सहीने अमेरिकेच्या संसदेसमोर गेला. पण त्याआधी कितीतरी वर्षं गेली होती. स्वतःची वही स्वतःच भरताना आपल्याला दिसतो तेवढाच ठिपका पडतो. गर्व त्यांना तरी कुठे दिसला होता? तो मित्राने दाखवावा लागला.

पायाच्या अंगठ्याचं बोलणं

आता म्हातारपणाकडे येऊ. १७७६ च्या अखेरीस अमेरिकेचे प्रतिनिधी म्हणून ते फ्रान्सला गेले आणि पॅरिसजवळच्या पासी गावात राहू लागले. सत्तरी ओलांडलेली. पाण्यावर राहणारा आणि टेम्स नदीत लांबच लांब पोहणारा तो तरुण आता मेजवान्यांना जायचा. गाउट नावाच्या सांध्यांच्या आजाराने त्यांना गाठलं. यात पायाच्या अंगठ्याचा सांधा असा ठणकतो की पांघरूणही सहन होत नाही.

ऑक्टोबर १७८० मध्ये अशाच दुखण्यात त्यांनी स्वतःचा आणि गाउटचा संवाद लिहिला. त्यात गाउट ही एक बाई आहे आणि ती त्यांची झाडाझडती घेते. न्याहारीला चहाचे चार कप, साय, लोण्याचा पाव आणि वर मांसाच्या चकत्या. मग फिरायला जायचं सोडून दोन-तीन तास बुद्धिबळ. बाहेर निघालं तरी बग्गीतून. शेजारच्या ब्रिलाँ बाईंच्या बागेत शंभर पायऱ्यांचा सुंदर जिना, आणि जिने चढण्याउतरण्यात सपाटीवर चालण्यापेक्षा कितीतरी जास्त व्यायाम होतो हे यांचंच मत. पण तिथे जाऊन करायचं काय, तर चहा आणि बुद्धिबळ! फिरायला का गेलो नाही? कधी थंडी होती, कधी ऊन, कधी वारा, कधी दमट हवा. आपण म्हणतो ना, नाचता येईना अंगण वाकडं. या सगळ्या सबबी त्यांच्याच आणि त्या उघड्या पाडणारी लेखणीही त्यांचीच. शेवटी ते सुधारण्याचं वचन देतात, तर गाउट म्हणते की चार महिने बरे गेले की तुम्ही हे विसरणार, मला ठाऊक आहे.

ज्याने मिताहार हा पहिला गुण म्हणून लिहिला, तोच मिताहारात घसरला. मग वही वाया गेली का? मला तसं वाटत नाही. चौऱ्याहत्तराव्या वर्षी, दुखणाऱ्या पायाने, हवामानाला किंवा नशिबाला दोष न देता स्वतःची सबब नावानिशी लिहिता येणं, हे त्या जुन्या वहीनेच शिकवलं असावं. ती वही प्रवासातही ते जवळ बाळगायचे. १७८४ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी आत्मचरित्रात या पद्धतीची हकिगत लिहिली. १७ एप्रिल १७९० रोजी चौऱ्याऐंशीव्या वर्षी फिलाडेल्फियात त्यांचं निधन झालं.

आपल्या वर्गात आणि घरात

फ्रँकलिन यांच्या आयुष्यातल्या काही गोष्टी आपल्याला सहज करून पाहता येतील.

तक्त्यावर दहा सवयी असू द्या, पण एका आठवड्यात एकच धरा. हा आठवडा हात धुण्याचा, पुढचा नखांचा. बाकीच्यांवरून रागावू नका.

काही सोडायला सांगताना त्या वेळेला दुसरं काय, हे आधी ठरवा. मधल्या सुट्टीत पुडीतले कुरकुरे नकोत, तर डब्यात शेंगदाणे-गूळ किंवा चुरमुरे हवेत. रात्री मोबाइल नको, तर त्याच वेळेला आजीची गोष्ट किंवा सापशिडी हवी. प्रत्येकाला आपली गरम पेज लागते.

ठिपका मुलाने स्वतः द्यावा आणि पाटीवर द्यावा. भिंतीवर सगळ्यांसमोर लावलेले ठिपके शिक्षा होतात, आणि शिक्षा आली की मूल ठिपका लपवायला शिकतं. आठवडा संपला की पाटी ओल्या फडक्याने पुसायची आणि सोमवारी नव्याने सुरुवात.

ठिपक्याशेजारी सबबही लिहू द्या. साबण संपला होता, घाई होती, पाऊस होता. आठवड्याच्या शेवटी मुलांनीच आपल्या सबबी मोठ्याने वाचाव्यात, ज्यांना हव्यात त्यांनीच. एकच सबब चार वेळा आली की मूल स्वतःच हसतं. साबण खरोखरच संपत असेल, तर तो आणायचं काम आपलं आहे.

आणि पालकहो, पाटी घरातल्या मोठ्यांनीही घ्या. आपल्या पाटीवरची पहिली सवय मुलांना निवडू द्या. फ्रँकलिन यांना गर्वाचा ठिपका मित्राने दाखवला, आपल्याला आपली मुलं दाखवतील. ती जे सांगतील ते ऐकून घ्या, वाद घालू नका, आणि त्या रात्रीपासून ठिपके द्यायला लागा.